दोन जहाजांमधला अर्धा तास

२ फेब्रुवारी

जावईबापूंस,

आशीर्वाद लिहिण्याइतका राग अजून ओसरलेला नाही, म्हणून तूर्त नुसते संबोधन.

तुमच्या देशाच्या चौकशी समितीचा प्राथमिक अहवाल आमच्या धाकटीने, म्हणजे तुमच्या पत्नीने, पाठवला. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सासरा म्हणून वाचला आणि अन्न गोड लागेना. दुसऱ्यांदा लाल पेन्सिल घेऊन वाचला, तेव्हा जरा धीर आला. इतका चुकीचा मजकूर फार दिवस उभा राहू शकत नाही.

पहिली चूक चौथ्या पानावर आहे. ‘आरोपीचे दिवंगत सासरे हे शत्रूच्या तेल-धक्क्याचे माजी प्रमुख होते.’ मी माजी आहे, दिवंगत नाही. आमच्या गावावर गोळे पडले, त्यात माझ्या आडनावाचे एक गृहस्थ गेले. समितीने आडनाव पाहिले, माणूस पाहिला नाही. हे वाक्य मी तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला दिवसातून पाच वेळा चहा लागत नाही, एवढं कळवा त्यांना.” कळवले.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘हल्ल्याच्या आदल्या रात्री धक्का रिकामा करण्यात आला.’ ज्याला कर्ता सांगायचा नसतो, पण सुचवायचा असतो, तो ‘करण्यात आला’ असे लिहितो. समितीला सुचवायचे आहे, की तुम्ही मला खबर दिलीत आणि मी धक्का रिकामा केला. आदल्या रात्री धक्का रिकामा नव्हता. एक टँकर भरून गेला, दुसरा लागला आणि हल्ल्याच्या दिवशी दुपारपर्यंत भरत होता. मी स्वतः तेथे होतो. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी मी रोज धक्क्यावर जातो, हे तुमच्या लक्षात असेल. तुम्ही त्यावर विनोद करीत असा.

तिसरी चूक फोनची. धाकटीने तिसऱ्या देशातून जोडून घेतलेला फोन हल्ल्याच्या आधी थोडेच दिवस आला आणि त्यात ‘बाबा, चहा घरीच घेत जा’ हा सांकेतिक इशारा होता, असे समिती म्हणते. हा इशारा मला माझी मुलगी शाळेत असल्यापासून देत आली आहे. कँटीनच्या चहाने मला पित्त होते. शिवाय समितीने दिलेली तारीख फोनची नसून फोनच्या बिलाची आहे. त्या तारखेला आमच्या गावातला एकही फोन चालू नव्हता, कारण तुम्हीच आमची वीज घालवली होती.

हे पत्र तुमच्या वकिलांनी समितीपुढे ठेवावे असा माझा हेतू आहे. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मी उलगडून लिहीत आहे. वाटेत दोन्ही बाजूंच्या ज्या अधिकाऱ्यांना हे पाकीट उघडावे लागेल, त्यांना विनंती अशी, की काळी शाई फासण्यापूर्वी वाक्य शेवटपर्यंत वाचावे. अर्धे वाक्य नेहमीच संशयास्पद दिसते.

समितीचे म्हणणे थोडक्यात असे. आमचा तेलाचा व्यापार बंद पाडण्याची योजना तुम्ही आखलीत. ती सफल झाली. परंतु धक्क्यावर एकही माणूस मेला नाही. ज्या अर्ध्या तासात तेथे कोणी नव्हते, नेमका तोच अर्धा तास तुम्ही निवडलात. ‘हे खबर दिल्याशिवाय अथवा मिळाल्याशिवाय शक्य नाही,’ असा निष्कर्ष काढून समितीने तुम्हाला घरात डांबले आहे, आणि दारावर शिपाई बसवला आहे. आरोप सिद्ध झाला तर तो देशद्रोहाचा ठरेल, आणि देशद्रोहाला तुमच्याकडे काय शिक्षा आहे ते धाकटीने लिहिलेले नाही. तिने तो शब्दच गाळला आहे. मी तो न गाळता वाचला.

धक्का त्या वेळी रिकामा का होता, ते मला माहीत आहे. आज लिहीत नाही. ती गोष्ट माझ्या एकट्याची नाही.

तुमचा सासरा
(हयात)


२१ फेब्रुवारी

जावईबापूंस,

तुमची चिठ्ठी मिळाली. नऊ वर्षांनी तुमचे अक्षर पाहिले. ‘बाबा, तुम्ही यात पडू नका, आणी इथे काही लिहू नका.’ ‘आणि’ अजूनही दीर्घच लिहिता. धक्क्यावरच्या नोंदींत मी तो शब्द किती वेळा दुरुस्त केला असेल! पण चिठ्ठी ठेवून दिली आहे. तुमच्या सासूबाई ती पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

धाकटीच्या पत्रावरून कळले, की तुम्ही समितीपुढे एवढेच म्हणालात : “मला कोणी कळवलं नाही. ते लोक हजेरी सोडणार नाहीत, याची मला खात्री होती.” अध्यक्षांनी विचारले, “कशावरून?” तुम्ही म्हणालात, “मी तिथं काम केलंय.” सभागृहात हशा पिकला म्हणे. त्यांनी लगेच आमच्या मंत्रालयाचा छापील आदेश पुढे केला. त्यात ‘युद्धकाळात दोन जहाजांमधील हजेरी बंद’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. तो आदेश खरा आहे. त्याचे शुद्धलेखनही बरे आहे. म्हणजे समितीच्या हिशेबाने माणसांना धक्क्यावरून कँटीनमध्ये बोलावणारी हजेरी नव्हतीच. मग धक्का रिकामा कसा?

त्या प्रश्नाकडे मी येईन. आज दुसरेच लिहायचे आहे, आणि ते लिहिण्याचे मी टाळत आलो आहे.

तुमचे काम उत्तम झाले.

आमच्या गावात तुमचे नाव कोणी घेत नाही, नुसते ‘तो’ म्हणतात. मीही चारचौघांत तसेच म्हणतो. पण मी हा धक्का उभा राहताना पाहिला आहे आणि पडतानाही पाहिला आहे, आणि दोन्ही वेळी एकच विचार मनात आला, की हे काम जाणत्या माणसाने केले आहे.

ज्याला नुसती नासधूस करायची असते तो विहिरी पेटवतो, टाक्या फोडतो. धूर मोठा निघतो, वर्तमानपत्रात छायाचित्र चांगले येते, आणि तीन महिन्यांत सगळे पूर्ववत होते. तुम्ही विहिरींना हात लावला नाही. टाक्या भरलेल्याच राहू दिल्या. आधी पंपघराचे ट्रान्सफॉर्मर उडवलेत. आम्ही जनरेटर लावून निम्मे तेल वाहते ठेवले. त्या दिवशी मी कँटीनमध्ये म्हणालोदेखील, “आता सोंडा.”

(समितीसाठी : धक्क्यावरून टँकरमध्ये तेल ओतणारे जे अवाढव्य लोखंडी बाहू असतात, त्यांना आमच्याकडे सोंडा म्हणतात. आमच्याकडे सहा होत्या.)

जहाजांचे दोर बांधणाऱ्या दोरवाल्यांचा मुकादम तेव्हा शेजारीच बसला होता. तोच तो, ज्याला तुम्ही लोकांनी भोंगा असे नाव पाडले. तो ओरडला, “काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?”

मी म्हणालो, “मी नीट विचार करणाऱ्याच्या बाजूने आहे. दुर्दैवाने तो पलीकडे राहतो.”

सोंड ही दुकानात मिळत नाही. ती धक्क्याच्या मापाने घडवून घ्यावी लागते. घडवायला वर्ष लागते, आणि लढणाऱ्या देशाला ती कोणी पाठवत नाही. तुम्ही हे जाणत होतात, कारण त्या सहापैकी दोन तुम्ही स्वतः माझ्याबरोबर बसवल्यात. तिसरीच्या बिजागरीवर तुमच्या अंगठ्याचे नख गेले होते.

अहवालाच्या परिशिष्टात बैठकीचा वृत्तांत आहे. तुमच्या सेनाधिकाऱ्यांना भरलेला टँकर धक्क्याला लागलेला असतानाच मारायचा होता. तो जळत खाडीच्या तोंडाशी बुडाला असता, आणि वाट कायमची बंद झाली असती. टँकरवरचे खलाशी आणि आमची दोरवाली माणसे गेली असती. तुम्ही उभे राहून सांगितलेत, की त्या ऋतूत वारा आपल्या बाजूला वाहतो. सांडलेले तेल आपल्याच किनाऱ्याला लागेल आणि आपलीच मासेमारी बुडेल. माणसांबद्दल अवाक्षर काढले नाहीत. ते वाचून मला हसू आले. वरिष्ठांना काय पटते आणि काय पटत नाही, हे तुम्ही आमच्याच धक्क्यावर शिकलात.

मग तुम्ही सुचवलेत, की एक टँकर सुटल्यावर आणि दुसरा लागण्यापूर्वी सोंडा निथळून रिकाम्या केलेल्या असतात. तेव्हाच घाव घालावा. आग नाही, सांडणे नाही. टँकर सुटलेला समुद्रावरूनही दिसतो, त्यासाठी हेराची गरज नाही.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. टाक्या काठोकाठ भरल्या. बाहेर टँकर नांगर टाकून वाट पाहत राहिले आणि एकेक करून निघून गेले. नळातले तेल पुढे सरकेना, म्हणून शेवटी आमच्याच लोकांनी विहिरी बंद केल्या. ज्या तेलावर आमच्या तोफा चालत होत्या ते तेल आमच्याच उरावर बसले. डिसेंबरात युद्धबंदी झाली. दोन्हीकडची तरुण मुले घरी परतली. जी परतण्याजोगी होती, ती.

गाव मात्र बसले आहे, हेही लिहिले पाहिजे. धक्क्यावरचा वेल्डर आता लोकांच्या खिडक्यांना गज लावून देतो. भोंग्याचा एक कान स्फोटाने गेला. त्यामुळे तो पूर्वीपेक्षाही मोठ्याने बोलतो. हे शक्य असेल असे कोणाला वाटले नव्हते. कँटीनच्या मावशींनी चुली विझवल्या, पण किल्ली परत केलेली नाही. या सर्वांचे तुम्ही देणे लागता की नाही, हे मला ठरवता येत नाही. रागही आहे आणि अभिमानही आहे, आणि या दोन शब्दांमध्ये कोणते उभयान्वयी अव्यय घालावे हे मला या वयात प्रथमच कळेनासे झाले आहे.

तुमच्या सासूबाई खांद्यावरून वाचत आहेत. म्हणतात, “अहो, तो तिथं गळ्याशी आलेल्या पाण्यात उभाय, आणि तुम्ही त्याला व्याकरण शिकवताय?”

मी म्हणालो, “मी त्याचे कौतुक करतो आहे.”

“मग तसं कळू तरी द्या.”

कळावे.


९ मार्च

प्रिय जावईबापू,

धाकटीने अहवालाची पुरवणी पाठवली, आणि तिच्यात मला दोन तारखा सापडल्या. तेव्हापासून मी स्वस्थ बसलेलो नाही.

पुरवणी म्हणते, की सोंडांवरचा हल्ला ठरल्याप्रमाणे झाला नाही. त्याआधी दोनदा तुमची ड्रोन विमाने निघाली, धक्क्याच्या वर आली आणि काही न टाकता परत गेली. एकदा पाच ऑक्टोबरला, एकदा आठ ऑक्टोबरला. योजनेत तुम्ही स्वतःच्या हाताने अट घातली होती : ‘धक्क्यावर माणसे दिसल्यास परत फिरावे.’ समितीने ही अट तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून छापली आहे. ‘शत्रूबद्दल अनाठायी कळवळा’ असे त्यांचे शब्द आहेत.

या तारखा मला माहीत होत्या; त्यांचा अर्थ माहीत नव्हता. आता जे मी पहिल्या पत्रात लिहिले नव्हते, ते लिहितो.

हजेरीचा नियम माझा आहे. फार पूर्वी एक टँकर सुटत असताना आणि दुसरा आत घेण्याची घाई चालली असताना एक दोरवाला धक्का आणि जहाज यांच्या मध्ये पडला. कोणाच्या ध्यानातही आले नाही. संध्याकाळी कँटीनच्या फळीवर त्याचा डबा न उघडलेला राहिला, तेव्हा शोध सुरू झाला. त्यानंतर मी नियम केला. एक जहाज सुटले, की सर्वांनी धक्का सोडून कँटीनमध्ये यायचे. प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला पाटीवर लावायचा. शेवटचा बिल्ला लागल्याशिवाय पुढचे जहाज आत घ्यायचे नाही. अर्धा तास जातो. प्रत्येक नव्या साहेबाने तो वाचवायचा प्रयत्न केला. तुम्हीही केलात. नऊ वर्षांपूर्वी माझ्या तोंडावर म्हणालात, “हा धक्का नियमावर चालत नाही, एका म्हाताऱ्याच्या हट्टावर चालतो.” मग नोकरी सोडलीत, सीमा ओलांडलीत, आणि माझी मुलगी घेऊन गेलात.

सप्टेंबरात मंत्रालयाने तो नियम बंद केला. आदेश कँटीनमधल्या पाटीवर चिकटवण्यात आला. म्हणजे मुकादमाने चिकटवला. आणि त्याच्यावर आमच्या माणसांनी आपापले बिल्ले लावले. हजेरी चालूच राहिली. पुढचे जहाज का थांबले असे कोणी विचारले, तर भोंगा बिनतारी यंत्रावर ओरडायचा, “दोर अडकलाय!” त्या महिन्यात आमचे दोर फार अडकत होते.

अपवाद फक्त चार दिवसांचा. मंत्रालयाचा एक निरीक्षक पाच ऑक्टोबरला आला, हातात घड्याळ घेऊन धक्क्यावर उभा राहिला आणि आठ तारखेच्या संध्याकाळी गेला. त्याच्यासमोर हजेरी घेणे शक्य नव्हते. ते चार दिवस जहाजे सुटत असताना माणसे धक्क्यावरच होती.

पाच आणि आठ. आता समितीने डोळे उघडून पाहावे. तुम्हाला आमच्याकडून खबर मिळत असती, तर त्या दिवशी तुमची विमाने निघालीच नसती. तुम्हाला काहीही ठाऊक नव्हते. तुम्ही फक्त आमच्या हट्टावर भरवसा टाकलात, आणि ज्या दिवशी तो हट्ट दिसला नाही त्या दिवशी परत फिरलात.

हे लिहिण्यास मला परवानगी हवी होती. आदेश मोडणे हा आमच्याकडे गुन्हा आहे. युद्ध थांबले तरी तो कायदा थांबलेला नाही. गुन्हा माझा नाही. मी निवृत्त आहे. गुन्हा त्यांचा आहे. म्हणून काल दुपारी मावशींकडून किल्ली मागवली आणि बंद कँटीनमध्ये चौघांना बोलावले : भोंगा, वेल्डर, झडपा सांभाळणारा चष्मेवाला, आणि स्वतः मावशी, ज्या पाटीजवळ बसून बिल्ले मोजत असत.

मी सर्व सांगितले. वेल्डर उठून उभा राहिला.

“ज्यानं आपलं पोट मारलं त्याच्यासाठी आम्ही तुरुंगात जायचं? काका, तुमचा जावई आहे म्हणून सांगताय.”

“होय,” मी म्हणालो. “जावई आहे म्हणूनच सांगतो आहे. नसता तर मला हे कळलेच नसते.”

“निदान खोटं तरी बोलायचं.”

“ते मला जमत नाही. वाक्य बिघडते.”

चष्मेवाल्याने चष्मा पुसला. तो कमी बोलतो. “म्हणजे आपण सरकारचं ऐकलं, ते चार दिवस,” तो म्हणाला, “तेव्हा ती विमानं डोक्यावर होती?”

“त्यातले दोन दिवस.”

“आणि आपण दिसलो म्हणून परत गेली?”

“होय.”

मग मावशी म्हणाल्या, “पाच तारखेला माझा पुतण्या होता धक्क्यावर. शेवटच्या सोंडेखाली.”

भोंगा एक कान पुढे करून बसला होता. त्याला निम्मेच ऐकू आले असावे. चष्मेवाल्याने ते पुन्हा सांगितले. त्यावर भोंगा असा हसला, की फुटक्या खिडक्यांची उरलीसुरली काच वाजली.

“अरे, म्हणजे त्यानं आपल्यावर पैज लावली! सगळ्या मंत्रालयाला वाटलं आपण ऐकू. बायकोलासुद्धा वाटतं मी कधीतरी ऐकेन. ह्या एका गड्याला माहीत होतं, की हे बेणं कोणाच्या बापाचं ऐकत नाही. नऊ वर्षं झाली जाऊन, तरी माहीत होतं!”

“तुला कौतुक वाटतंय?” वेल्डर म्हणाला.

“वाटतंय. तू आणि मी शिव्या घालायला जिवंत आहोत की नाही? मग त्याला शिव्याच घालायच्या तर समोर जाऊन घालू. तोही जिवंत पाहिजे ना त्यासाठी.”

वेल्डर खाली बसला. बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिला. “लिहा काका,” तो म्हणाला. “पण नावं नकोत. बिल्ल्यांचे आकडे लिहा. आणि हेपण लिहा, की माझी तिसरी सोंड गेल्याच वर्षी मी नव्यानं जोडली होती. त्याला म्हणावं, जोड बघून तरी हात आखडायचा.”

लिहिले.

नऊ वर्षे मी असे समजत होतो, की तो म्हाताऱ्याचा हट्ट तुम्हाला लाजिरवाणा वाटतो. तुम्ही आपली सगळी योजना, आपली नोकरी, आणि आता कळते आहे की आपली मानही, त्याच हट्टाच्या खुंटीला टांगलीत. इतका विश्वास माझ्या स्वतःच्या मंत्रालयाने माझ्यावर कधी टाकला नाही.


२४ मार्च

चिरंजीव,

आशीर्वाद. पूर्ण, विनाअट.

तुमच्या वकिलांचे पत्र आले. ते लिहितात, की शत्रूपक्षाच्या एका वृद्धाचे पत्र, तेही आरोपीच्या सासऱ्याचे, पुरावा म्हणून टिकणार नाही. समिती म्हणेल, सासऱ्याने जावयाला वाचवण्यासाठी रचले. वकिलांची मराठी निर्दोष आहे आणि मुद्दाही. पत्राला उलटतपासणी करता येत नाही.

हे मी कँटीनमध्ये वाचून दाखवले. मी काही सुचवण्यापूर्वीच मावशींनी विचारले, “सीमेवरच्या फाटकातून पलीकडे जायला काय काय लागतं?” आता तेथे भेटीगाठींसाठी महिन्यातून एक दिवस सोडतात. ओळखपत्र लागते आणि पलीकडून कोणीतरी बोलावलेले असावे लागते. धाकटीने बोलावणे पाठवले आहे. परत आल्यावर आमच्याकडे काय होईल, हे प्रत्येकाला मी पुन्हा एकदा स्पष्ट सांगितले. भोंगा म्हणाला, “काका, तुम्ही फार सांगता.” वेल्डरने बायकोला अजून सांगितलेले नाही. ते त्याचे त्याने पाहावे. त्या वाक्याची दुरुस्ती मी करणार नाही.

माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. हल्ल्याच्या दिवशीही पाटीवर शेवटचा बिल्ला माझाच लागला होता. धक्क्याच्या टोकापासून कँटीनपर्यंत मी रमतगमत आलो, मावशी ओरडत होत्या, मी बिल्ला लावला, चहाला हात घातला, आणि सहाही सोंडा एकीमागून एक अशा खाली बसल्या, जसे एखादे दमलेले जनावर गुडघे टेकते. खबर मिळालेला माणूस इतका सावकाश चालत नाही. हेही मी समितीपुढे शपथेवर सांगेन.

तुमच्या सासूबाई बांधाबांध करीत आहेत. काय न्यायचे यावर आमचा वाद झाला. त्या तुमच्यासाठी स्वेटर घेत आहेत. मी लाल पेन्सिल घेत आहे. त्या म्हणाल्या, “त्याला जवळ घ्याल, की नुसते चुका काढाल?” मी म्हणालो, “आधी सोडवू.” त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ मी जाणतो. जवळ घेईन. आताच लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी मागे हटता येणार नाही.

समितीला पाठवावयाचे शुद्धिपत्र सोबत जोडतो. मूळ अहवालातील तारखा आणि त्यांच्या दुरुस्त्या अशा :

४ सप्टेंबर. धाकटीचा फोन. अहवालात २ ऑक्टोबर आहे. ती बिलाची तारीख. फोन झाला तेव्हा धक्क्याची योजना मंजूर व्हायचीच होती.

११ सप्टेंबर. पंपघरावरील हल्ला. तारीख बरोबर. गावातील फोन या दिवसापासून बंद.

२० सप्टेंबर. सोंडांची योजना मंजूर. ही अहवालाचीच तारीख आहे. फोनच्या खऱ्या तारखेशेजारी ठेवून वाचावी.

२५ सप्टेंबर. हजेरी बंद करण्याचा आदेश. अहवालात ‘या दिवसापासून अंमलात’ असे आहे. अंमलात आला तो ५ ऑक्टोबरपासून ८ ऑक्टोबरपर्यंतच, निरीक्षक समोर उभे असेतोवर. एरवी नाही.

५ ऑक्टोबर. विमाने परत. अहवालात ‘आरोपीचा कळवळा’. धक्क्यावर माणसे होती. कळवळा की अचूकपणा, हे समितीने ठरवावे. माणसे होती हे ठरलेले आहे.

८ ऑक्टोबर. वरीलप्रमाणे.

१४ ऑक्टोबर. सोंडांवरील हल्ला, दुपारी, हजेरी चालू असताना. अहवालात १३ आहे, आणि धक्का ‘आदल्या रात्री’ रिकामा झाला असेही आहे. दोन्ही चूक.

९ एप्रिल. समितीची पुढील बैठक. अहवालाच्या शेवटी ‘बचावाचा साक्षीदार : कोणी नाही’ असे नमूद आहे. दुरुस्ती : साक्षीदार पाच. चार धक्क्यावरचे, एक सासरा. सोबत एक बाई, ज्या साक्षीदार नाहीत, परंतु येणारच. सर्व जण सकाळच्या पहिल्या बसने निघतील. फाटक वेळेवर उघडावे.